‘दीनबंधू’चा रविवार आणि आपला खाडा

विषय आपल्याच घरातला आहे.

दिवाळी सरली की आमच्या लिंबागणेशवरून मांजरसुंब्याकडं जाणारा रस्ता रात्रीचा झोपत नाही. ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, त्यात पत्र्याची पेटी, भांडी, बाजरीचं पोतं, एखादी शेळी आणि या सगळ्यावर गोधडीत गुंडाळलेली लेकरं. मांजरसुंब्याच्या चौकातून कुणी सोलापूरकडं वळतं, कुणी पुढं सांगली-कोल्हापूर गाठतं, कुणी थेट कर्नाटकात उतरतं. दरवर्षी मी तिथं जाऊन फोटो काढतो. ‘ऊसतोड मजुरांचे स्थलांतर सुरू’ या मथळ्याची बातमी मी किती वर्षं देतोय, ते मलाही मोजता येणार नाही. मथळा बदलत नाही, फक्त फोटो बदलतो.

मागच्या हंगामात असाच फोटो काढत होतो. ट्रॉलीतून पन्नाशीच्या एक मावशी म्हणाल्या, “दादा, आदल्या साली बी तुमीच फोटो काढला व्हता ना?”

म्हटलं, “हो मावशी. पेपरात छापून बी आलता.”

“आलता म्हणं. पर पुढं काय झालं?”

मला काही बोलता आलं नाही. ट्रॅक्टर गेला. तो प्रश्न मात्र मांजरसुंब्याच्या चौकातच अडकून राहिला. आज त्याच प्रश्नावर लिहायचंय. पण आधी थोडं मागं जावं लागेल. थोडं म्हणजे एकशे चाळीस वर्षं.

पत्रकारितेची पदविका करताना आम्हाला एका ओळीचा प्रश्न असायचा. ‘दीनबंधू’ कोणी सुरू केले? उत्तर : कृष्णराव भालेकर, १८७७, पुणे. एक गुण मिळाला की विषय संपला. त्या एका ओळीमागं काय होतं हे ना शिकवणाऱ्यांनी सांगितलं, ना आम्ही विचारलं.

महात्मा फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला. त्याच विचारानं भालेकरांनी पुण्यात १ जानेवारी १८७७ ला ‘दीनबंधू’ सुरू केलं. शेतकऱ्यांचं, बहुजनांचं म्हणणं मांडणारं पत्र. अशा पत्राला जाहिरात कोण देणार? पत्र तोट्यात गेलं. १८८० साली ते मुंबईला हलवण्यात आलं आणि नारायण मेघाजी लोखंडे त्याचे संपादक झाले. मुंबईतल्या तेलुगू समाजातले रामय्या व्यंकय्या अय्यावारू यांच्यासारखे सत्यशोधक या कामाच्या पाठीशी उभे होते. म्हणजे बघा, मराठी मजुरांचं पत्र उभं राहावं म्हणून तेलंगणातून मुंबईत पोटासाठी आलेल्या समाजातली माणसं हातभार लावत होती. घर सोडून आलेल्याला घर सोडून आलेल्याचं दुःख लवकर कळतं.

तेव्हाची मुंबई कशी होती? पहिली कापड गिरणी १८५४ साली उभी राहिली आणि पुढच्या तीस वर्षांत गिरण्यांची रांग लागली. त्यात राबायला माणसं आली ती रत्नागिरी, सातारा, पुणे, नगर अशा भागांतून. दुष्काळानं, सावकारानं, जमिनीच्या तुकड्यानं हाकललेली माणसं. गिरणीत विजेचे दिवे नव्हते, म्हणून उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत काम. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून कामही मोठं. आठवड्याची सुट्टी नाही. पगार कधी मिळेल त्याचा भरवसा नाही. यंत्रात हात गेला तर माणूस घरी. कामावर घेणारा आणि काढणारा जॉबर. सरकारनं १८८१ साली पहिला कारखाना कायदा केला, पण तो मुख्यतः लहान मुलांपुरता. सात वर्षांखालच्या पोरांना कामाला लावू नका, एवढीच त्याची मोठी मजल.

आता यातलं गिरणी काढा आणि ऊसाचा फड टाका. जॉबर काढा, मुकादम टाका. चाळीतली खोली काढा, पाचटाची कोपी टाका. चित्र ओळखीचं वाटतंय का?

लोखंडे स्वतः एका गिरणीत भांडारपाल होते. मजूर रोज डोळ्यांसमोर. त्यांनी काय केलं? नुसतं ‘गिरणी कामगारांची दैना’ असं छापून ते थांबले नाहीत. १८८४ साली सरकारनं कारखान्यांची स्थिती तपासायला मुंबईत आयोग नेमला. लोखंड्यांनी ती वेळ साधली. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि मागण्यांचा एक अर्ज तयार केला. त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या झाल्या. ज्यांना अक्षर येत नव्हतं अशा माणसांच्या त्या काळात साडेपाच हजार सह्या!

त्या मागण्या मी मुद्दाम सविस्तर देतोय, कारण मागणी कशी करायची हे त्यातून शिकण्यासारखं आहे.

एक, दर रविवारी पूर्ण सुट्टी. दोन, दुपारी अर्धा तास विश्रांती. तीन, काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्य मावळला की थांबावं. चार, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. पाच, कामावर जखमी झालेल्याला बरं होईपर्यंत पूर्ण पगार, आणि कायमचं अपंगत्व आलं तर पोटापाण्याची सोय.

यात ‘न्याय मिळावा’, ‘दखल घ्यावी’, ‘लक्ष द्यावे’ असलं काही नाही. वार आहे, वेळ आहे, तारीख आहे. अशा मागणीला ‘बघू, करू’ म्हणून वाटेला लावता येत नाही. एक तर द्यावं लागतं, नाही तर नाही म्हणावं लागतं. आणि नाही म्हटलं की ते पुढच्या अंकात छापता येतं.

लगेच मिळालं का? नाही. सहा वर्षं गेली. पण लोखंडे विषय सोडून दुसऱ्या बातमीला गेले नाहीत. २४ एप्रिल १८९० ला मुंबईत महालक्ष्मीच्या मैदानावर सभा झाली. सुमारे दहा हजार कामगार जमले आणि त्यात दोन कामगार बायका उभं राहून बोलल्या. १८९० साल आहे हे ध्यानात घ्या. १० जून १८९० ला गिरणी मालकांच्या संघानं रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली. त्याच साली सरकारनं नेमलेल्या कामगार आयोगाच्या कामात लोखंड्यांना सामील करून घेतलं गेलं. म्हणजे ज्यानं बाहेरून विचारलं, त्याला आत बोलवावं लागलं.

आज आपण रविवारी उशिरापर्यंत झोपतो, त्यामागं एका तोट्यातल्या वर्तमानपत्राचा संपादक आहे. ९ फेब्रुवारी १८९७ ला प्लेगच्या साथीत लोखंडे गेले.

त्यांना देव करायची गरज नाही. त्यांच्या ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’बद्दल जुन्या सरकारी अहवालात आणि पुढं अभ्यासकांनीही लिहून ठेवलंय की ही काही खरी संघटना नव्हती. सभासदांची यादी नाही, निधी नाही, नियमावली नाही. जो कामगार येईल त्याला सल्ला देणारे लोखंडे, बस्स. टीका खरी आहे. पण मला त्यात उलटी गोष्ट दिसते. पैसा नव्हता, पक्ष नव्हता, निवडणूक तर नव्हतीच. गिरणी कामगाराला मत कुठं होतं? हातात काय होतं? एक पत्र, एक कचेरी जिचं दार कामगाराला उघडं होतं, आणि सह्यांचा एक कागद. तेवढ्यावर रविवार मिळाला.

आणखी एक गोष्ट. हेच ‘दीनबंधू’ पुढं बिर्जे दांपत्यानं चालवलं, आणि पतीच्या निधनानंतर तानुबाई बिर्जे त्याच्या संपादक झाल्या. कामगाराचं, कुणब्याचं पत्र एक बाई चालवत होती. आपल्या जिल्ह्यात ऊसतोडीच्या बातम्या लिहिणाऱ्या बाया किती आहेत, ते तुम्हीच मोजा.

आता मुंबईतून आपल्या मुलखात येऊ. तिकडं लोखंडे आयोगापुढं अर्ज देत होते, तेव्हा आपला बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता. इथं अर्ज करायला ना आयोग होता, ना बोलायला मोकळीक. ‘गश्ती निशाण ५३’ या फर्मानानं तर साधी सभा घ्यायलाही परवानगी लागायची. म्हणून आ. कृ. वाघमाऱ्यांनी १९३८ साली ‘मराठवाडा’ हे पत्र काढलं ते निजामाच्या हद्दीबाहेर, पुण्यात. निजाम सरकार बंदी घालायचं, की हे नव्या नावानं अंक काढायचे. छापायचं पुण्यात, वाचायचं लपूनछपून इकडं. १७ सप्टेंबर १९४८ नंतर तेच ‘मराठवाडा’ आपल्या मातीत आलं आणि अनंत भालेरावांच्या हाताखाली दैनिक म्हणून गाजलं. आपल्याकडची पत्रकारिता सत्तेला प्रश्न विचारतच जन्माला आली. हे मी अभिमानानं कमी, शरमेनं जास्त लिहितोय.

कारण आता आपल्या काळात येऊ.

ऊसतोडीत सुट्टीला काय म्हणतात? खाडा. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली. ती फिटेपर्यंत कोयता चालला पाहिजे. एकजण आजारी पडला, कामाला गेला नाही, की खाडा. त्या दिवसाची मजुरी तर गेलीच, वरून दंड. बाईची पाळी असो, ताप असो, पोटात सहा महिन्यांचं लेकरू असो.

१८९० साली मुंबईच्या गिरणी कामगाराला आठवड्याची सुट्टी मिळाली. आणि २०१९ साली सगळ्या देशाला कळलं की बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बाया खाडा पडू नये म्हणून, दुखणं मागं लागू नये म्हणून गर्भपिशवी काढून टाकतायत. मधली एकशे एकोणतीस वर्षं कुठं गेली?

ही बातमी फोडली कुणी? एप्रिल २०१९ मध्ये ‘हिंदू बिझनेसलाइन’ या इंग्रजी दैनिकानं. आम्हा इथल्या पत्रकारांना माहीत नव्हतं का? होतं. दवाखान्याबाहेर रांगा बघितल्या होत्या. ‘पिशवी काढली’ हे शब्द आमच्या वस्त्यांवर ‘दात काढला’ इतक्या सहज ऐकले होते. आम्हाला ती बातमी वाटली नाही. बरीच वर्षं रोज दिसणारी गोष्ट बातमी वाटत नाही, हाच आमच्या धंद्याचा रोग आहे. मी स्वतःला त्यातून वगळत नाही.

पण पुढं काय घडलं ते बघा. बातमी आली. विधान परिषदेत नीलम गोऱ्हे यांनी प्रश्न लावून धरला. जून २०१९ मध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी सभागृहात आकडा दिला, बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ बायांच्या गर्भपिशव्या काढल्या. मग गोऱ्हे यांच्याच अध्यक्षतेखाली समिती. समितीसाठी जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायांची पाहणी झाली आणि त्यात १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. नंतर खासगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली.

हा तोच ‘दीनबंधू’चा रस्ता आहे. नेमकी बातमी, नेमका प्रश्न, सभागृहात नेमका आकडा, मग नेमका नियम. म्हणजे रस्ता बंद झालेला नाही. आपण त्यावरून चालायचं सोडलंय.

कुणी म्हणेल, ऊसतोड मजुरांना नेते होते की. होते. बबनराव ढाकण्यांनी मजुरांचे संप केले. गोपीनाथराव मुंडे साहेबांचं तर अर्धं राजकारण या कोयत्यावर उभं राहिलं आणि त्यांनी या माणसाला ताठ मान दिली, हे विरोधकही मानतील. दरवाढीचे करार झाले. २०२० साली सरासरी १४ टक्के, जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के. पण ३ जून २०१४ ला साहेब गेले. त्यांच्या नावाच्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाची घोषणा झाली आणि ते खऱ्या अर्थानं हलायला २०२१ उजाडावं लागलं. तेव्हा ठरलं की गाळपाच्या प्रत्येक टनामागं कारखान्यानं दहा रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारनं घालायचे. संत भगवानबाबांच्या नावानं ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं मंजूर झाली, म्हणजे आई-बाप फडात असताना पोरगं शाळेत राहावं. ग्रामसेवकानं मजुरांची नोंद करून ओळखपत्र द्यायचं ठरलं.

कागदावर सगळं चांगलं आहे. मी टोमणा मारत नाहीये, खरंच चांगलं आहे. पण कागदावरचं जमिनीवर आलं का, हे विचारायचं काम कुणाचं? नेत्याचं? तो घोषणा करून मोकळा झाला. अधिकाऱ्याचं? तो अहवाल पाठवून मोकळा झाला. ते काम पत्रकाराचं होतं.

आणि आम्ही काय करतो? नेता आला की माइक पुढं धरतो. ‘साहेब, ऊसतोड मजुरांबद्दल काय सांगाल?’ साहेब सांगतात. आम्ही छापतो. झाला विषय. ‘काय सांगाल’ हा प्रश्न नाही, ती बसायला दिलेली खुर्ची आहे. लोखंड्यांनी आयोगाला ‘काय सांगाल’ विचारलं नव्हतं. रविवार देता का नाही, एवढंच विचारलं होतं.

त्यामागची अडचण मला माहीत आहे. छोट्या गावच्या पत्रकाराला पगार नसतो. जाहिरात आणा, कमिशन घ्या. जाहिरात कुणाची? नेत्यांच्या वाढदिवसाची. मी स्वतः वाढदिवसाच्या पुरवण्यांसाठी दारोदार फिरलोय. ज्याच्याकडून दोन हजारांची जाहिरात घेतली त्याला पुढच्या आठवड्यात प्रश्न विचारताना जीभ जड होते. एकदा मुकादमानं टोळीला कोंडून ठेवल्याची बातमी लिहिली होती. वरून फोन आला आणि ती तीन ओळींची होऊन आतल्या पानावर गेली. मीही गप्प बसलो. पोट होतं. पण ‘दीनबंधू’ही तोट्यातच चालत होतं, हे आठवलं की आपली सबब थोडी लहान होते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. हा मजूर मतदार आहे. लोखंड्यांच्या कामगाराकडं नव्हती ती वस्तू याच्याकडं आहे. २०२४ ला गाळप हंगाम १५ नोव्हेंबरपासून आणि विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला. मजूर फडात, नाव इथल्या यादीत. अशा वेळी काय होतं? ज्याला मत हवंय तो गाडी पाठवतो, टोळी येते, मत देते, त्याच गाडीनं परत जाते. मतासाठी गाडी मिळते. बाळंतपणासाठी मिळत नाही.

आणि इतकं असून ही माणसं किती आहेत, हे कुणाला ठाऊक आहे? राज्यात कुणी आठ लाख म्हणतं, कुणी बारा-तेरा लाख. १९७९ चा स्थलांतरित मजुरांचा कायदा राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांसाठी होता. बीडहून कोल्हापूरला जाणारा त्याच्या हिशेबात स्थलांतरितच नव्हता. घर सोडतो, शाळा सोडतो, रेशनचं दुकान सोडतो, पण कायद्याच्या नजरेत तो हललेलाच नाही. ज्याची मोजदाद नाही त्याची मागणी नाही, आणि ज्याची मागणी नाही त्याला फक्त आश्वासन.

म्हणून ट्रॉलीतल्या त्या मावशींना आता उशिरानं का होईना, उत्तर देतोय. मावशी, पुढं काही झालं नाही, कारण मी फोटो काढून घरी गेलो. पुढं विचारायला गेलोच नाही.

या हंगामापासून एक वही घातलीय. मोठं काही नाही. लिंबागणेश आणि आसपासच्या वस्त्यांवरून कोणती टोळी कोणत्या कारखान्याला गेली, सोबत लेकरं किती, त्यातली वसतिगृहात किती आणि फडात किती, ओळखपत्र कुणाला मिळालं, खाडा किती रुपयांचा लागला, कुणी जखमी झालं तर खर्च कुणी केला. नावं छापणार नाही, मुकादमाचा राग गरिबावर निघायला नको. आकडे छापणार. शिक्षक, आशाताई, ग्रामपंचायत सदस्य, टोळीबरोबर जाणारी शिकलेली पोरं, तुमच्या गावची अशीच वही तुम्ही घातलीत तर बरं होईल. एका वहीला कुणी विचारत नाही. शंभर वह्या झाल्या तर त्याला अर्ज म्हणतात.

आणि आमच्या पत्रकार भावांना हात जोडून एवढंच. पुढच्या वेळी कोणत्याही पक्षाचा नेता ऊसतोडीवर बोलायला लागला, तर माइक धरायच्या आधी पाच प्रश्न खिशात ठेवा. ओळखपत्रं किती दिली? आपल्या तालुक्यातल्या वसतिगृहात आज रात्री किती मुलं झोपली? टनामागचे दहा रुपये आपल्या जिल्ह्यातल्या कारखान्यांनी भरले का? खाड्याचा दंड बंद करणारा नियम कोणत्या तारखेपर्यंत आणता? फडात बाईला आठवड्यातून एक दिवस सुट्टी देता का नाही?

उत्तर दिलं तर छापा. नाही दिलं, तर ‘उत्तर दिलं नाही’ हेही छापा. पुढच्या महिन्यात परत विचारा.

मार्चअखेर ट्रॅक्टर परत यायला लागतील. मी मांजरसुंब्याच्या चौकात असेन. या वेळी कॅमेऱ्याबरोबर वहीही असेल.